‘डार्कलँड्स’ : नुसत्या आठवणी, की आजही खेळण्यासारखं काही?

प्रश्न असा आहे: “‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा कॉम्प्युटर गेम दोनदा पूर्ण केला. आता सगळे जुने खेळाडू १९९२ च्या ‘डार्कलँड्स’चं नाव घेतात. विकत घेतला, तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा पहिल्या अर्ध्या तासात माझे चौघेही, म्हणजे खेळातली माझी चारही पात्रं, मेले. यात खरंच काही आहे, की तुम्हा लोकांना तुमचं लहानपण आठवतं एवढंच? आणि काही असेल तर सुरुवात कुठून करायची?”

गेली अठरा वर्षं मी पुण्यात कॉम्प्युटर गेमसाठी कथा आणि संवाद लिहितो. ‘डार्कलँड्स’ पहिल्यांदा खेळलो तो १९९५ साली, आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा काढतोच. त्यामुळे माझं मत प्रेमातून आलेलं आहे हे धरूनच वाचा. तरी प्रेम कुठं संपतं आणि खेळाचा गुण कुठं सुरू होतो याचा विचार मला धंद्यापायी पुष्कळ करावा लागला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण खरी अडचण तिसरीच दिसते. तुम्ही हा खेळ ‘किंगडम कम’च्या डोळ्यांनी खेळताय. दोन्ही खेळ जवळजवळ एकाच काळातले, एकाच पवित्र रोमन साम्राज्यातले. तुमचा १४०३ च्या बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला, हा १४०० पासून पुढचा, जर्मनीतला. तुमच्या खेळात ज्या राजा व्हेन्सेस्लासला त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड कैदेत टाकतो, त्याच राजाला ऑगस्ट १४०० मध्ये जर्मनीच्या निर्वाचक सरदारांनी जर्मन राजपदावरून काढून टाकलं होतं. म्हणजे भूमी तुमच्या ओळखीची आहे. पण ‘किंगडम कम’ विचारतो, त्या काळी खरोखर काय होतं? तलवारीला वजन किती, चिलखत कसं चढवतात, भूक कधी लागते. ‘डार्कलँड्स’ विचारतो, त्या काळच्या माणसाला काय खरं *वाटत* होतं? आणि त्याला जे वाटत होतं तेच तो जगाचा कायदा म्हणून लावतो. हे एकदा ध्यानात आलं की खेळ उलगडतो. त्याआधी तो जुनाट, अवघड आणि मुका वाटतो, यात तुमची काही चूक नाही.

आधी आठवणीचं सांगतो, कारण तुम्ही सरळ तेच विचारलंय.

माझा मामा तेव्हा कामानिमित्त जर्मनीत असायचा. १९९५ च्या उन्हाळ्यात तो डोंबिवलीला आमच्याकडे आला तो हा खेळ घेऊन. खोका, फ्लॉपींचा जुडगा आणि एक जाडजूड पुस्तिका. घरात नुकताच ४८६ कॉम्प्युटर आला होता, वडिलांच्या हिशेबाच्या कामासाठी. रात्री नऊनंतर तो माझा. इंग्रजी मला शाळेपुरतं येत होतं, त्यामुळे खेळ चालू करण्याआधी दोन आठवडे मी डिक्शनरी घेऊन ती पुस्तिकाच वाचत बसलो. गावांची नावं, बाजार, मठ, किमयागारांचे पदार्थ, संतांची यादी. खेळाचे मुख्य रचनाकार अर्नोल्ड हेन्ड्रिक यांनी पुस्तिकेत नियमांइतकाच इतिहासही भरला होता.

त्यात नाण्यांचं कोष्टक होतं. बारा फेनिगचा एक ग्रोशेन, वीस ग्रोशेनचा एक फ्लोरिन. मी ते पाठ करतोय हे आजोबांनी ऐकलं आणि म्हणाले, “अरे, हे तर आमचं आणे-पैच आहे. बारा पैंचा आणा.” मग त्यांनी मला जुन्या पद्धतीने तोंडी हिशेब करायला शिकवलं. त्या उन्हाळ्यात आजोबा माझ्या शेजारी बसून न्यूर्नबर्गच्या बाजारातले भाव ऐकायचे. ते वारल्याला आता वीस वर्षं झाली. म्हणून हो, माझ्या प्रेमात लहानपण आहे, आणि ते मी वजा करू शकत नाही. तुम्हाला ते मिळणार नाही. पण त्यापलीकडचं जे आहे ते तुम्हालाही मिळेल.

तो भाग म्हणजे संत.

खेळात शंभराहून जास्त ख्रिस्ती संत आहेत. जादूगार नाहीत, मंत्रांची पोथी नाही. अडचण आली की तुमचा माणूस एखाद्या संताचा धावा करतो. पण कुठल्याही संताचा कुठल्याही कामासाठी नाही. प्रवासाला संत ख्रिस्तोफर, आगीला संत फ्लोरियन, लोहार-सोनारांचा संत एलिजियस, ड्रॅगनसमोर अर्थातच संत जॉर्ज. प्रत्येकाची आधी माहिती मिळवावी लागते, मठात किंवा विद्यापीठात जाऊन, आणि ती एकालाच मिळते, चौघांना नाही. धावा केला की तुमच्या खात्यातली दैवी कृपा खर्च होते, आणि संत ऐकेल की नाही हे तुमच्या माणसाच्या सदाचारावर ठरतं. खोटेपणा केलात, दुबळ्याला लुटलंत, तर सदाचार घसरतो आणि ऐनवेळी हाक वाया जाते.

अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या आजच्या खेळाडूला हे सगळं शिकून घ्यावं लागत असेल. मला एका संध्याकाळीत कळलं. माझी आजी गोवर-कांजिण्यांत शीतळादेवीचं नाव घ्यायची, तिच्या माहेरी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेत. कुठल्या दुखण्याला कुठलं दैवत, नवस कसा बोलायचा, आणि बोललेला नवस फेडला नाही तर काय होतं, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकंच पंधराव्या शतकातल्या कोलोनच्या विणकराला ठाऊक असणार. तिच्यासाठी ती ‘श्रद्धा’ नव्हती, तो व्यवहार होता. पाऊस पडतो तसं ते घडतं. खेळाने मला हीच नजर दिली आणि आजही इतिहासावर काही लिहायला घेतलं की मी आधी विचारतो: या माणसाला कशाची भीती होती आणि त्या भीतीवर त्याच्याकडे उपाय कोणता होता?

घड्याळाचंही तसंच. पडद्यावर ‘सकाळचे नऊ’ असं दिसत नाही. चर्चच्या प्रार्थनांचे प्रहर दिसतात. प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन्स, व्हेस्पर्स, कॉम्प्लिन. सुरुवातीला चीड येते. मग दहा-बारा तास खेळलात की ‘व्हेस्पर्स झाले’ म्हणजे वेशीचे दरवाजे बंद व्हायची वेळ, हे आपोआप अंगात भिनतं. दरवाजे लागल्यावर पोचलात तर समोर पर्याय येतात: पहारेकऱ्याला पटवा, पैसे चारा, भिंतीवरून चढा, एखाद्या संताचा धावा करा, किंवा रात्र बाहेर काढा. हे सगळं जलरंगातल्या एका स्थिर चित्रावर, चार-पाच ओळींच्या मजकुरात. चित्र हलत नाही, म्हणून ते नीट बघितलं जातं. माझ्या कामात मी हे पुन्हा पुन्हा अनुभवलंय. पात्राच्या हालचालीवर लाखो रुपये खर्चून जे साधत नाही, ते कधीकधी एका नेमक्या परिच्छेदाने आणि पाच प्रामाणिक पर्यायांनी साधतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आधीच सांगायला हवी. ‘लोकांना जे खरं वाटत होतं ते खरं’ या नियमाची एक काळी बाजू आहे. खेळात टेम्पलर या धर्मयोद्ध्या सरदारांचा गुप्त पंथ बाफोमेट नावाच्या सैतानी दैवताची पूजा करतो आणि चेटकिणी खरोखर सैतानाशी करार करतात. प्रत्यक्षात टेम्पलरांवर हा आरोप १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने धरपकड केल्यावर आला आणि कबुल्या छळातून काढल्या गेल्या. पोपने १३१२ मध्ये टेम्पलरांचा संघ बरखास्त केला आणि १३१४ मध्ये त्यांच्या शेवटच्या प्रमुखाला, जाक द मोलेला, पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. चेटकिणींचा मोठा संहार तर या खेळाच्या काळानंतरचा, सोळाव्या-सतराव्या शतकातला, आणि त्यात जाळल्या गेलेल्या बायका खऱ्या होत्या. सोळा वर्षांचा असताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता खेळताना एखाद्या आडगावात गावकरी नजर चुकवतात आणि पुढे ते सैतानपूजक निघतात, तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात: कथेचा थरार, आणि ही कथा खरी मानणाऱ्यांनी काय केलं त्याची धास्ती. खेळ ही दुसरी बाजू सांगत नाही. ती तुम्ही मनात ठेवून खेळा.

आता तुमचे चौघे का मेले ते बघू. नेमकं काय केलंत हे तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे मी इतरांच्या अनुभवावरून अंदाज करतो.

बहुतेक नवे खेळाडू चौघेही तरुण आणि लढवय्ये घेतात. इथे पात्र घडवणं म्हणजे त्याचं चरित्र लिहिणं. घराणं निवडा, बालपण निवडा, मग पाच-पाच वर्षांचा एकेक व्यवसाय. कुणी शिकाऊ सैनिक, कुणी विद्यार्थी, कुणी मठातली नवशिकी जोगीण, कुणी फेरीवाला. प्रत्येक पाच वर्षांनी कौशल्य वाढतं आणि वयही. वय जास्त झालं की अंगातली ताकद, चपळाई, दमश्वास उतरायला लागतात. वीस वर्षांचा पोरगा धट्टाकट्टा असतो, पण त्याला ना धड तलवार चालवता येते ना लॅटिन वाचता येतं. माझा अनुभव असा की लढणारे दोघे पंचविशी-तिशीच्या आसपास ठेवावेत, आणि डोक्याचं काम करणारे दोघे पस्तिशीपर्यंत न्यावेत. एकाला किमया आणि वाचन-लेखन, दुसऱ्याला धर्मज्ञान, सदाचार आणि उपचार. बोलणं आणि गल्लीबोळांची जाण कुणा एकाकडे भरपूर असावी, चौघांत थोडी थोडी वाटून उपयोग नाही, कारण बहुतेक प्रसंगांत सगळ्यांत जाणत्या माणसालाच पुढे करता येतं. बायकांना त्या काळाप्रमाणे व्यवसाय कमी मिळतात, पण मठातून आलेली स्त्री ही माझ्या मते खेळातली सगळ्यांत भक्कम संतज्ञ ठरते. माझ्या प्रत्येक चौकडीत अशी एक असतेच.

दुसरी चूक म्हणजे लगेच शहराबाहेर पडणं. सुरुवातीला तुमच्याकडे चिलखत नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर लांडगे, लुटारू आणि राउबरिटर, म्हणजे गढीवर बसून वाटसरूंना नागवणारे सरदार. त्यामुळे पहिले काही आठवडे शहरातच राहा. दिवसा खाणावळीत विश्रांती, आणि रात्री गल्ल्यांमधून फेरी. तुमच्यावर चोर चालून येतील. त्यांची हत्यारं साधी असतात, अंगावर फारसं काही नसतं. त्यांना हरवा, त्यांची शस्त्रं गोळा करा, सकाळी विका. रात्री फिरताना पहारेकऱ्यांच्या हाती लागू नका, एवढं सांभाळा. पैसे साठले की आधी चिलखत घ्या, तलवार नंतर. या क्रमावरून माझं मित्रांशी भांडण झालेलं आहे, पण मी ठाम आहे. चांगली तलवार एखाद्या लढाईत उपयोगी पडते, चांगलं चिलखत प्रत्येक लढाईत.

तिसरी गोष्ट, जखमांचे दोन प्रकार. दमश्वास कमी झाला तर माणूस कोसळतो, पण तो लवकर भरून येतो. ताकद कमी झाली तर ती खरी जखम, तिला दिवसच्या दिवस लागतात. लढाई जिंकल्यावर चौघेही उभे दिसतात म्हणून पुढे जाऊ नका, आधी ताकदीचा आकडा बघा. तुमचे लोक तिसऱ्या लढाईत मेले असतील तर मला शंका याचीच आहे. लढाई चालू असताना स्पेसबार दाबून वेळ थांबवता येते आणि प्रत्येकाला वेगळा हुकूम देता येतो. हे करा, दर काही सेकंदांनी करा. आणि जाड पत्र्याचं चिलखत घातलेल्या शत्रूवर तलवार घासत बसू नका. त्याला हातोडा किंवा गदा लागते. खेळ प्रत्येक हत्याराची भेदकता आणि प्रत्येक चिलखताची जाडी वेगवेगळी मोजतो, हात-पायांची वेगळी आणि धडाची वेगळी.

किमयेचं थोडक्यात: शत्रूंवर फेकायचे पदार्थ तयार मिळाले तर जवळ ठेवा, पण स्वतः बनवण्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. घटकद्रव्यं महाग, पाककृती त्याहून महाग, आणि चुकलं तर हात भाजतात.

हे सगळं केल्यावर खेळ तुम्हाला आवडेल का? ते तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला पडद्यावर वाचायला आवडत नसेल, तर नाही आवडणार. इंग्रजी वाचताना अडखळायला होत असेल तर पहिले दहा तास जड जातील, मलाही गेले होते. नकाशावर ‘आता इथे जा’ असा बाण हवा असेल, तर इथे तो नाही. शहराचा कारभारी, किंवा फुगर, मेदिची अशा बड्या पेढ्यांचा किंवा हान्से या व्यापारी संघाचा माणूस काम सांगतो, दिशा सांगतो, पुढचं तुम्ही बघायचं. मुख्य कथा तर महिनोन्‌महिने समोरच येत नाही. ज्यांना मोकळ्या माळावर सोडलं की आनंद होतो त्यांचा हा खेळ आहे.

आणि खेळात उणिवा आहेत, त्या झाकणार नाही. १९९२ ची पहिली आवृत्ती त्रुटींनी भरलेली होती आणि दुरुस्त्या नंतर येत गेल्या. आज गॉग किंवा स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळांवर जी मिळते ती दुरुस्त आवृत्ती, जुने खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या डॉसबॉक्ससह येते, त्यामुळे तो त्रास तुम्हाला तितका होणार नाही. पण प्रसंग पुन्हा पुन्हा तेच येतात हे खरं आहे. चाळीस तासांनंतर बहुतेक परिच्छेद पाठ होतात. लढाया एकसारख्या वाटायला लागतात आणि खाणींमधली भटकंती मला आजही कंटाळवाणी वाटते. तिथे मी खिडकीबाहेर बघत खेळतो. हा खेळ मालिकेतला पहिला असेल असं ठरलं होतं, पुढचे कधी आलेच नाहीत. ते आले असते तर या गोष्टी सुधारल्या असत्या असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

तरी त्याचं बी वाया गेलं नाही. ‘पेन्टिमेन्ट’ हा २०२२ सालचा खेळ तुम्ही खेळला नसाल तर खेळा. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातला, हस्तलिखितातल्या चित्रांसारखा दिसणारा. त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी ‘डार्कलँड्स’चं ऋण उघडपणे सांगितलं आहे. तो खेळताना मला पहिल्या तासातच मामाचा खोका आठवला.

२०११ मध्ये कामासाठी कोलोनला गेलो होतो. एक संध्याकाळ मोकळी मिळाली तसा थेट कॅथेड्रलसमोर जाऊन उभा राहिलो. दोन मनोरे, आभाळात घुसलेले. माझ्या चौकडीने इथे किती वेळा प्रार्थना केली असेल, असं मनात आलं, आणि लगेच लक्षात आलं की हे त्यांनी पाहिलेलंच नाही. बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं, पूर्ण झालं १८८० मध्ये. १४०० साली वेदीकडचा भाग तेवढा पुरा झाला होता, आणि पुढे अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन जवळपास चारशे वर्षं तशीच राहिली. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्या ती क्रेन बघत जन्मल्या आणि गेल्या. मी तिथल्या पायऱ्यांवर बसून बराच वेळ त्या नसलेल्या मनोऱ्यांचा विचार करत होतो. खेळाने दिलेली सवय ती हीच, समोर जे आहे त्यातून त्या माणसाला न दिसणारं वजा करून बघायचं.

तर चौथ्यांदा सुरू करताना असं करा. पुस्तिका खेळाबरोबर डिजिटल स्वरूपात मिळते, त्यातला संतांचा भाग आधी वाचा, हत्यारांचा नंतर. चौघांचं चरित्र कागदावर लिहून काढा, घराण्यापासून. मग खाणावळीतून उठल्यावर शस्त्रं विकणाऱ्याकडे न जाता पहिल्यांदा मठात जा आणि तुमच्या संतज्ञ स्त्रीला एक तरी नवा संत शिकवा. पैसे सगळे तिथेच संपतील. त्या रात्री गल्लीत चोर आले की घाबरू नका, स्पेसबारवर बोट ठेवा.